मायलेजचा वाद अकराशे रुपयांचा, कर्ज सोळा वर्षांचं

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो.

"वय 42. अंबडला एका कंपनीत प्रॉडक्शनमध्ये आहे, हातात 95,000 रुपये येतात. पत्नी गृहिणी, मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. 2014 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, 15 चं मायलेज देते. आता मोठी गाडी घ्यायची आहे, ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरचं स्ट्रॉन्ग हायब्रिड मॉडेल, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेलं. ऑन-रोड 20 लाख सांगतात, त्याच गाडीचं साधं पेट्रोल ऑटोमॅटिक सव्वासतरा लाखांना पडतं. सगळे रिव्ह्यू पाहून झाले. कोणी शहरात 24 देते म्हणतं, कोणी 25. पण ओळखीतल्या दोघांकडे हीच गाडी आहे आणि ते 18-19 च्या वर जात नाही म्हणतात. रिव्ह्यू खरे मानायचे की मालकांचा अनुभव? माझ्या हिशेबाने पेट्रोलचे महिन्याला चार हजार वाचतील. पैशांची सोय झाली आहे. होम लोनवर बँक 15 लाखांचा टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज देते, नऊ टक्क्यांनी, हप्ता फक्त 14,800. उरलेले पाच लाख एफडी मोडून. होम लोनचे 28 लाख बाकी आहेत, 16 वर्षं राहिली, दर साडेआठ टक्के, हप्ता 26,700. लोन घेतानाच बँकेतून एक पॉलिसी घेतली होती, वर्षाला 1 लाख 20 हजार, दहा वर्षं भरायचे, चार भरून झाले. 2042 मध्ये 25 लाख मिळतील, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यात विमा 12 लाखांचा. बाकी विमा नाही, पण कंपनीचा मेडिक्लेम आहे. गाडीचं रोजचं जाणं-येणं 12 किलोमीटर, महिन्यातून एक-दोनदा गावी संगमनेरला, वर्षातून एकदा कोकण. वर्षाचं रनिंग 9,000. बुकिंगचे 11,000 भरले आहेत. महिनाअखेरीस टॉप-अपच्या कागदांवर सह्या आहेत."

तुमचा प्रश्न मायलेजचा आहे, त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते तुम्हाला हवं आहे. पण पत्र वाचताना मला काळजी वाटली ती शेवटच्या चार-पाच ओळींची, आणि सह्या व्हायच्या आत हे उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं.

रिव्ह्यू करणारे खोटं बोलत नाहीत. तुमचे ओळखीचे दोघेही खोटं बोलत नाहीत. कंपनीच्या जाहिरातीतला 27.97 चा आकडासुद्धा खोटा नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजलं आहे.

27.97 हा प्रमाणित चाचणीचा आकडा आहे, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडे ही चाचणी होते. गाडी रस्त्यावर जातच नाही, प्रयोगशाळेतल्या रोलरवर वीसेक मिनिटं चालते. ताशी 90 च्या पुढे वेग जात नाही, सरासरी वेग तिशीच्या आसपास, एसी बंद. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करायला हे ठीक. घरखर्चाच्या वहीत मांडायला हा आकडा घेऊ नये.

रिव्ह्यूवाल्यांकडे गाडी येते ती कंपनीने दिलेली, नवीकोरी, टायरमध्ये नीट हवा भरलेली, आणि दोन-चार दिवसांसाठी. चालवणारा रोज गाड्या चालवणारा असतो. ब्रेक हळूहळू दाबला की मोटर बॅटरी चार्ज करते आणि करकचून दाबला की ती ऊर्जा वाया जाते, हे त्याला माहीत असतं. तो एका दमात तीस-चाळीस किलोमीटर शहरातून फिरतो, इंजिन एकदा गरम झालं की तापलेलंच राहतं. असं चालवलं तर 24 मिळतातच. शिवाय गाडी बसते कशी, खड्ड्यात आदळते का, चढावर तीन सिलिंडरचं इंजिन किती ओरडतं, हे तो नेमकं सांगतो. ते ऐकावं.

तुमचं रोजचं जाणं मात्र एका बाजूला सहा किलोमीटर आहे. हायब्रिड गाडीचं इंजिन सकाळी थंड असतं, आणि धुरावर प्रक्रिया करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत ते गरज नसतानाही चालू राहतं. नाशिकच्या थंडीत तर जास्तच. ते तापून मोटरवर शांतपणे जायची वेळ येते तोवर तुमच्या कंपनीचं गेट आलेलं असतं. म्हणजे हायब्रिडचा सगळ्यात मोठा फायदा ज्या रहदारीत मिळतो, ती तुमच्या वाट्याला थोडीच येते, आणि जो तोट्याचा भाग तो रोज दोनदा येतो. ठाण्याहून अंधेरीला रोज दीड तास रखडत जाणाऱ्या माणसाला हीच गाडी 23 देईल आणि तो रिव्ह्यूवाल्यांना दुवा देईल.

मे महिन्याचं गणित वेगळं. या गाड्यांची हायब्रिड बॅटरी पाऊण युनिटची आहे, नेमकं सांगायचं तर 0.76 किलोवॅट-तास. एसीचा कॉम्प्रेसर त्यावरच चालतो. द्वारका सर्कलला अडकलात आणि एसी जोरात असला की थोड्याच वेळात बॅटरी खाली येते, आणि गाडी उभी असतानाच इंजिन सुरू होऊन ती भरायला लागतं. मालक म्हणतात "ट्रॅफिकमध्येही पेट्रोल जळतं", ते हेच. कसारा घाटातही असंच. चढताना बॅटरी रिकामी आणि इंजिन आवाज करत एकटं खेचतंय. उतरताना घाट संपायच्या आधीच बॅटरी भरून जाते, पुढच्या उताराची ऊर्जा साठवायला जागाच नसते. मुंबईच्या हायवेवर शंभरच्या वेगाने हायब्रिड आणि साधं पेट्रोल यांच्यातलं अंतर कमी होतं, शहरात वाढतं. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी. हे सगळं धरून तुमच्या वापराला मी 20 धरतो.

दोन दिवसांत ज्या गोष्टी कळूच शकत नाहीत, त्या रिव्ह्यूत येत नाहीत. मागे बॅटरी असल्यामुळे बूट, म्हणजे डिकी, साध्या मॉडेलपेक्षा बरीच लहान आहे. कोकणात चौघांच्या बॅगा घेऊन जाताना ते पहिल्यांदा समजतं. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, ती धूळ आणि सामानाने बुजू द्यायची नाही. गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली की मोठी बॅटरी शाबूत असूनही छोटी 12 व्होल्टची बॅटरी उतरते आणि गाडी सुरूच होत नाही. चांगल्या बाजूला, ब्रेक पॅड जास्त टिकतात, क्लच प्लेटचा खर्च नाही, आणि हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. टोयोटाने 1997 मध्ये जपानमध्ये प्रियस विकायला काढली तेव्हापासूनचं हे तंत्र आहे, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था गाड्या स्वतः विकत घेऊन तपासते आणि मालकांकडून तक्रारी गोळा करते. त्यांच्या 2023 च्या पाहणीत हायब्रिडमध्ये साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा 26 टक्के कमी तक्रारी निघाल्या. 2013 मध्ये फोर्डला आपल्या सी-मॅक्स हायब्रिडचा गॅलनला 47 मैलांचा दावा 43 वर आणावा लागला आणि ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले. त्याआधीच या संस्थेने स्वतःच्या चाचणीत 37 मोजले होते. तेव्हा सगळे रिव्ह्यू एका मापाचे नसतात. गाडी कोणाच्या पैशाने आली आणि किती दिवस चालवली, एवढं पाहिलं तरी पुरे.

आता मायलेजचे पैसे करू. पेट्रोल 105 रुपये धरा. 9,000 किलोमीटरला 24 च्या मायलेजने 375 लिटर लागेल, 18 च्या मायलेजने 500 लिटर. फरक 125 लिटर, वर्षाला तेरा हजार, महिन्याला अकराशे रुपये. ज्या प्रश्नावर तुम्ही इतक्या संध्याकाळी घालवल्या, तो तुमच्या वापरासाठी महिन्याला अकराशे रुपयांचा प्रश्न आहे.

साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना करू. ती तुम्हाला 13 देईल, म्हणजे वर्षाला जवळपास 690 लिटर. हायब्रिड 20 ने 450 लिटर. वाचले 240 लिटर, पंचवीस हजार रुपये, महिन्याला 2,100. तुम्ही धरलेले चार हजार नव्हेत, ते तर जाहिरातीतला आकडा धरूनही निघत नाहीत. हायब्रिडचे जास्तीचे पावणेतीन लाख या बचतीतून निघायला अकरा वर्षं लागतील. बॅटरीची वॉरंटी आठव्या वर्षी संपते. तुमचं रनिंग वर्षाला वीस हजार असतं तर पाच वर्षांत पैसे निघाले असते आणि मी डोळे झाकून हायब्रिड घ्या म्हटलं असतं.

आणि ही तुलना तुम्ही विकत न घेतलेल्या गाडीशी झाली. आज तुमच्या दारात स्विफ्ट आहे, तिला वर्षाला 600 लिटर लागतं. हायब्रिडला 450. म्हणजे आजच्या खर्चातून प्रत्यक्षात कमी होणारी रक्कम वर्षाला सोळा हजार, महिन्याला तेराशे. नव्या गाडीचा दुसऱ्या वर्षीचा पूर्ण विमा तीसेक हजारांच्या घरात जाईल, तो हे तेराशे खाऊन वर आणखी मागेल. हायब्रिडला थर्ड पार्टी विम्यात साडेसात टक्के सवलत आहे असं शोरूममध्ये सांगतात, ते खरं आहे. या गटातल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 3,416 रुपये आहे, म्हणजे सवलत वर्षाला अडीचशे रुपये. जीएसटीतही फायदा नाही. सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या गाडीवर साधी असो की हायब्रिड, 40 टक्केच लागतो. पाच टक्के फक्त इलेक्ट्रिकला.

मायलेजचा विषय माझ्यापुरता इथे संपला. गाडी वाईट नाही, तुमच्या रनिंगला महाग आहे.

आता टॉप-अप. "हप्ता फक्त 14,800" असं तुम्ही लिहिलंत. बँकेच्या माणसाने ते तुम्हाला असंच सांगितलं असणार, आणि त्याने पुढचं वाक्य गिळलं. 14,800 गुणिले 192 हप्ते म्हणजे 28 लाख 40 हजार. पंधरा लाखांवर तेरा लाखांहून जास्त व्याज. हेच पंधरा लाख पाच वर्षांच्या कार लोनवर नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता 31,000 येतो आणि व्याज पावणेचार लाख. तुम्ही म्हणाल, 31,000 मला परवडत नाहीत. बरोबर. म्हणजेच ही गाडी तुम्हाला परवडत नाही. मुदत सोळा वर्षांवर नेल्याने ती स्वस्त होत नाही, फक्त न परवडणं आजच्या दिवशी दिसत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तुमच्या गाडीची नोंदणी संपेल, तेव्हाही तिचे बारा हप्ते शिल्लक असतील. कर्ज फिटेल तेव्हा तुम्ही 58 वर्षांचे असाल. हायब्रिडसाठीचे जास्तीचे पावणेतीन लाखसुद्धा याच कर्जात बसवलेत तर त्यांचा हप्ता महिन्याला 2,700 पडतो, आणि पेट्रोलची बचत 2,100. सोळा वर्षांवर ताणूनही गाडी स्वतःचा फरक भरून काढत नाही. गाडीच्या कर्जात गाडी तारण असते, हप्ते थकले तर गाडी जाते. टॉप-अपला तारण तुमचा फ्लॅट आहे.

महिन्याचा हिशेब तुम्ही पाठवला नाहीत, मी मांडतो. 95,000 मधून होम लोन 26,700. पॉलिसीचे महिन्याला दहा हजार. घर, शाळा, क्लास, गावाकडे थोडंफार मिळून 42,000 तरी. उरतात सोळा हजार. त्यात 14,800 चा हप्ता बसवला की पंधराशे रुपये राहतात, आणि पाच लाखांची एफडी मोडलेली. एक महिना पगार लांबला, आईवडिलांपैकी कोणी दवाखान्यात गेलं, तर क्रेडिट कार्डाशिवाय तुमच्याकडे काहीही नसेल. चार वर्षांनी मुलगा कॉलेजात जाईल. ती फी कुठून येणार, हे पत्रात कुठेही नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. तुम्ही लिहिलंत, "बाकी विमा नाही." घरात कमावणारे तुम्ही एकटे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात काय येईल? पॉलिसीचे बारा लाख आणि तुमचा पीएफ. आणि डोक्यावर होम लोन 28, टॉप-अप 15, मिळून 43 लाख. बारा लाख बँकेला देऊनही एकतीस लाख उरतात, पदरात दोन शाळकरी मुलं आणि दारात विकायला काढलेली गाडी. महिन्याला अकराशे रुपयांचं मायलेज तुम्ही दहा ठिकाणी तपासलंत, आणि हे एकदाही मांडून पाहिलं नाहीत. मी हे कठोर शब्दांत लिहितो आहे, कारण दर महिन्याला मला अशी दोन-चार पत्रं येतात आणि त्यातलं एखादं पत्नीने लिहिलेलं असतं, नवरा गेल्यानंतर.

ती पॉलिसी तुम्हाला कशी विकली गेली, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण "लोन घेतानाच" या दोन शब्दांत सगळं आलं. लोन मंजूर व्हायला पॉलिसी लागते असा कुठलाही नियम नाही. तुम्हाला त्या दिवशी घर हवं होतं, बँकेच्या माणसाला टार्गेट पुरं करायचं होतं. दुप्पट होतात हे खरं, पण किती वर्षांत? दहा वर्षं 1 लाख 20 हजार भरून विसाव्या वर्षी 25 लाख म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांहूनही कमी परतावा. हेच पैसे पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी ठेवले असते तर तेव्हा 35 लाख झाले असते. दहा लाखांचा फरक. आणि विमा म्हणून पाहिलं तर वर्षाला 1 लाख 20 हजार मोजून बारा लाखांचं संरक्षण, ही तर फसवणूकच. तुम्ही साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडता आहात आणि पाच टक्क्यांच्या पॉलिसीत पैसे घालता आहात. ज्या बँकेने कर्ज दिलं, तिच्याच काउंटरवर.

टॉप-अपच्या कागदांत "लोन प्रोटेक्शन" नावाचा एकरकमी विमा घालून त्याची रक्कम कर्जातच मिळवायला सांगतील. अजून सांगितलं नसेल तर सहीच्या दिवशी सांगतील. तोही सक्तीचा नाही.

आता काय करायचं, क्रमाने. क्रम बदलू नका.

आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. दीड कोटीचा, वयाच्या साठीपर्यंतचा, साधा. परतावा नाही, बोनस नाही, प्रीमियम परत वगैरे काही नाही. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला तीस ते चाळीस हजारांत मिळेल. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे. फॉर्म भरताना शुगर, बीपी, जुनी ऑपरेशन्स, सगळं खरं लिहा, आणि मॅरिड वूमन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली पॉलिसी घ्या. 1874 चा जुना कायदा आहे, पण त्याखाली घेतलेल्या पॉलिसीचे पैसे पत्नी आणि मुलांचेच होतात, तुमच्या कर्जासाठी कुठल्याही बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

ती पॉलिसी हातात आल्यावर, आधी नव्हे, जुन्या पॉलिसीच्या कंपनीला पत्र लिहून दोन आकडे लेखी मागवा. आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती मिळतील, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर 2042 ला किती मिळतील. चार हप्ते भरले आहेत, तेव्हा पेड-अपमध्ये 25 लाखांचे साधारण चार दशांश, म्हणजे दहा लाखांच्या आसपास आकडा येईल असं मी धरतो. म्हणजे उरलेले सहा हप्ते, सात लाख वीस हजार, भरून तुम्ही वरचे फक्त पंधरा लाख विकत घेत आहात. तेच सहा हप्ते पीपीएफमध्ये गेले तर अठरा लाख होतात. आजवर भरलेल्या 4 लाख 80 हजारांचं दुःख या हिशेबात धरू नका, ते गेलेच आहेत. पुढच्या पैशांचा विचार करा. माझा कल पेड-अपकडे आहे. सरेंडरचा आकडा फारच चांगला आला तर पुन्हा लिहा.

तिसरं काम एका दुपारचं आहे आणि त्याचे पैसे लगेच दिसतील. तुमचा होम लोनचा दर अजून साडेआठ का आहे? रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे देते तो, एक टक्क्याने खाली आणला. नव्या ग्राहकाला तीच बँक कमी दराने कर्ज देते आहे आणि जुन्याला विचारल्याशिवाय काही देत नाही. शाखेत जा, दर कमी करण्याचा अर्ज द्या, बदलाची फी किती ते विचारा. अर्धा टक्का जरी उतरला तरी 28 लाखांवर पहिल्या वर्षी चौदा हजार वाचतात. 18 आणि 24 च्या मायलेजमधला फरक तेरा हजारांचा होता. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याची चौकशी त्यांच्यासमोरच सुरू करा.

एफडीला हात लावू नका. ती पाच-सहा महिन्यांच्या खर्चाची शिदोरी आहे. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, तेव्हा चौघांचा स्वतःचा दहा लाखांचा आरोग्य विमा घ्या, पन्नाशीच्या आत, बीपीची गोळी सुरू व्हायच्या आत.

आणि गाडी. एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की गाडी घेऊच नका असं मी म्हणतो आहे. तसं नाही. बायको-मुलांना घेऊन नीट गाडीतून गावी जावं हे वाटणं अगदी रास्त आहे, आणि त्यासाठीच तुम्ही राबता. स्विफ्टची नोंदणी 2029 पर्यंत आहे. टायर, एसी, सस्पेन्शन मिळून पन्नास हजार खर्च करा आणि दोन वर्षं काढा. पॉलिसी पेड-अप झाली की महिन्याला दहा हजार सुटतील, त्यातले तीन टर्म इन्शुरन्सला गेले तरी सात उरतात. आधीचे सोळा धरून तेवीस. त्यातून आरोग्य विमा आणि स्विफ्टचं काम बाजूला काढून दर महिन्याला अठरा हजारांची आरडी लावा. दोन वर्षांत साडेचार लाख. स्विफ्टचे दीड-दोन लाख. वर आठ लाखांचं पाच वर्षांचं कार लोन, हप्ता 16,600, म्हणजे दोन वर्षं सवय झालेल्या आरडीपेक्षा कमी. चौदा लाखांची गाडी यात आरामात बसते.

त्यात हायब्रिड बसवायचंच असेल तर तेव्हा सेकंड हँड बघा. 2022-23 मध्ये विकलेल्या हायब्रिड तोवर पाच-सहा वर्षांच्या झालेल्या असतील. कोणाच्या बॅटरीने त्रास दिला, कोणाची गाडी 80 हजार किलोमीटरला कशी आहे, सर्व्हिसला किती लागले, हे रिव्ह्यूवाल्याला विचारायची गरज राहणार नाही, मालकाच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दिसेल. बॅटरीची उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, ते मात्र शोरूमकडून लेखी घ्या. टेस्ट ड्राइव्ह सकाळी मागा, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना, आणि तुमच्याच रस्त्याने अंबडपर्यंत न्या. डिस्प्लेवर त्या सहा किलोमीटरचं जे मायलेज दिसेल, ते तुमचं.

टॉप-अपच्या सह्यांना जाऊ नका, आणि बँकेतून फोन आला तर "ऑफर 31 तारखेपर्यंतच आहे" याला भुलू नका, अशा ऑफर दर महिन्याला येतात. शोरूमला आजच ई-मेल करून बुकिंग रद्द करा आणि परताव्याची तारीख लेखी मागा. त्या 11,000 मधले हजार-दोन हजार कापून घेतले तर घेऊ द्या.